मनाच्या आजाराची औषधे : कोणती, कशासाठी आणि किती दिवस

(संस्थेच्या वार्षिक पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



या व्यासपीठावरून दरवर्षी आपण शिक्षणाचे महत्त्व, शिष्यवृत्त्या, मुलींची गळती अशा विषयांवर जाणकारांचे विचार ऐकत आला आहात. आज मी ज्या विषयावर बोलणार आहे, तो विषय आपण घरातसुद्धा दार लोटून आणि आवाज खाली करून बोलतो. तो म्हणजे मनाचे आजार आणि त्यांवरील औषधे. मी डॉक्टर नाही. बी.ए., बी.एड. झालेला, इतिहास आणि मराठी शिकविणारा एक साधा शिक्षक आहे. मग या विषयावर बोलण्याचा मला अधिकार काय, असे आपण विचाराल. माझा अधिकार एवढाच, की जवळजवळ वीस वर्षे आमच्या घरात गोळ्यांचा एक डबा आहे, आणि एकदा तो डबा मी स्वतःच्या हाताने माळ्यावर टाकला होता. त्या चुकीची किंमत माझ्या थोरल्या भावाला मोजावी लागली. हे सर्व सांगण्यास भाईने स्वतः परवानगी दिली आहे, म्हणूनच सांगतो.

२००३ साली मी दहावीत होतो. भाई तेव्हा कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होता, वय एकोणीस. आधी त्याची झोप गेली. मग तो ताटातल्या जेवणाचा वास घेऊ लागला. कोणीतरी त्यात काही कालवले आहे असा त्याला संशय येई. पुढे खोलीत कोणी नसताना तो कुणाला तरी उत्तरे देऊ लागला. अम्मी म्हणाली, नजर लागली. शेजारच्या खाला म्हणाल्या, आसेब आहे. अब्बा एस.टी.त मेकॅनिक. इंजिनातला बिघाड नुसत्या आवाजावरून ओळखणारा माणूस, पण पोटच्या मुलाचे काय बिघडले आहे ते त्यांना कळेना. दोन वर्षे आम्ही आमिल, ताबीज, धुरी, दम केलेले पाणी यांत घालविली. अम्मीच्या बांगड्या गेल्या. एका ठिकाणी भाईच्या पायात साखळी घातली गेली, ती मी माझ्या डोळ्यांनी पाहिली आहे.

त्याच्या दोनच वर्षे आधी, ६ ऑगस्ट २००१ रोजी, तामिळनाडूतील एरवाडी येथे दर्ग्याजवळच्या एका खाजगी निवाऱ्याला आग लागली होती. तेथील मनोरुग्ण साखळ्यांनी बांधलेले होते, त्यामुळे त्यांना पळता आले नाही. २८ जण दगावले. ती बातमी आमच्या घरात वाचली गेली होती, हळहळही झाली होती. पण ती आपल्याला उद्देशून आहे असे आम्हांला वाटले नाही.

अखेर अब्बांच्या वर्कशॉपमधील एका सहकाऱ्याने आम्हांला सरकारी रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात नेले. त्याच्या बहिणीला हाच त्रास होता. तेथील डॉक्टरीणबाईंनी भाईशी एकट्याशी बोलून मग आम्हांला सांगितले, की या आजाराचे नाव स्किझोफ्रेनिया, मराठीत छिन्नमनस्कता. यात कोणाचा दोष नाही, आणि यावर औषध आहे. गोळ्या सुरू झाल्या. तीन-चार आठवड्यांनी एका दुपारी भाईने वास न घेता भाकरीचा तुकडा मोडला. अम्मी स्वयंपाकघरात जाऊन रडली.

पुढची पाच वर्षे बरी गेली. भाई एका दुकानात शिवणकाम शिकला. मग २०१० साली बहिणीची मंगनी ठरली. पाहुणे येणार होते. गोळ्यांमुळे भाईला सुस्ती असे आणि त्याचे हात किंचित कापत. पाहुण्यांनी पाहिले तर काय म्हणतील? अब्बा म्हणाले, दहा-पंधरा दिवस गोळ्या बंद ठेवू या. मी त्या वर्षी बी.एड. करीत होतो. घरातला शिकलेला मीच. मी म्हणालो, एवढी वर्षे बरा आहे, आता काय होते? आणि डबा माळ्यावर टाकला. मंगनी झाली, पण डबा खाली आला नाही. दोन महिन्यांनी एका रात्री भाई घरातून निघून गेला. तिसऱ्या दिवशी तो दूरच्या एका रेल्वे स्टेशनवर सापडला, अनवाणी, तापाने फणफणलेला. त्याला पूर्वस्थितीला यायला दीड वर्ष लागले.

बंधू-भगिनींनो, आम्ही निष्काळजी नव्हतो, आम्ही अज्ञानी होतो. त्या गोळीचे नाव मला पाठ होते. ती कोणत्या जातीची, ती काय करते आणि किती दिवस घ्यावयाची, यातले काहीच मी कधी विचारले नव्हते. सर्दीची, हिवतापाची आणि मधुमेहाची गोळी एक नसते हे आपल्याला कळते. पण मनाच्या आजाराच्या सगळ्या गोळ्यांना आपण सरसकट ‘झोपेच्या गोळ्या’ म्हणतो. वस्तुतः त्यांची वेगवेगळी कुळे आहेत. त्यांतील प्रमुख पाच कुळांची ओळख आज मी आपणांस करून देतो.

पहिले कुळ भाईच्या गोळ्यांचे. नसलेले आवाज ऐकू येणे, कोणी आपल्या वाईटावर आहे असा पक्का भ्रम होणे, या लक्षणांवर ही औषधे देतात. यांतील पहिले प्रसिद्ध औषध क्लोरप्रोमाझिन. ते १९५० मध्ये फ्रान्समध्ये तयार झाले आणि १९५२ मध्ये पॅरिसच्या सेंट-ॲन रुग्णालयात डिले आणि डेनिकर या डॉक्टरांनी मनोरुग्णांवर वापरले. पुढे हॅलोपेरिडॉल आले, त्यानंतर रिस्पेरिडोन, ओलान्झापिन, क्लोझापिन ही औषधे आली. मेंदूतील डोपामिन नावाच्या रसायनाचा प्रभाव ही औषधे कमी करतात. त्यांच्यामुळे सुस्ती, अंग ताठरणे, हात कापणे असे त्रास होऊ शकतात. ओलान्झापिनसारख्यांनी वजन आणि साखर वाढू शकते. क्लोझापिन घेणाऱ्याच्या रक्तातील पांढऱ्या पेशी ठरावीक दिवसांनी तपासाव्याच लागतात. पण त्रास झाला तर डॉक्टरांना सांगावयाचे. ते मात्रा कमी करतात, औषध बदलतात, ताठरपणावर वेगळी गोळी देतात. आम्ही भाईचे हात कापतात हे डॉक्टरांना सांगितलेच नाही. आम्ही ते पाहुण्यांपासून लपविले.

इतिहासाचा शिक्षक म्हणून येथे एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. ही विद्या सगळी परक्यांची, असे कोणी समजू नये. सर्पगंधा, जिला युनानी हकीम असरोल म्हणतात, ती वनस्पती आपल्या देशात वेडावर पूर्वापार दिली जात असे. १९३१ मध्ये गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी रक्तदाब आणि वेड या दोहोंवरील तिच्या उपयोगाविषयी लिहिले. त्याच सुमारास दिल्लीच्या तिब्बिया कॉलेजात सलीमुझ्झमान सिद्दिकी यांनी तिच्या मुळांतून एक द्रव्य वेगळे काढले आणि हकीम अजमल खान यांच्या स्मरणार्थ त्याला अजमलिन हे नाव दिले. मुंबईच्या डॉ. रुस्तम वकील यांनी १९४९ मध्ये रक्तदाबावरील तिचा गुण जगापुढे मांडला. १९५२ मध्ये तिच्यातून रेसर्पिन वेगळे झाले आणि काही वर्षे ते मनोरुग्णांना दिले गेले. पुढे अधिक चांगली औषधे आली आणि ते मागे पडले. त्याही मागे गेलो, तर कैरोमध्ये सुलतान कलाऊनने १२८४ मध्ये बांधलेल्या बीमारिस्तानात मनोरुग्णांसाठी स्वतंत्र विभाग होता. आपल्या पूर्वजांनी ज्याला आजार मानून दवाखाना बांधला, त्याला आपण साखळी बांधावी, हे कितपत शोभते?

दुसरे कुळ उदासीच्या आजारावरील औषधांचे. परीक्षेत नापास झाल्यावर चार दिवस वाईट वाटणे हा आजार नव्हे. पण दोन आठवड्यांहून अधिक काळ रोज मन बुडालेले, झोप आणि भूक बिघडलेली, कशातच गोडी नाही, जगणे नको असे वाटणे, हा आजार आहे. यावरचे एक औषध तर योगायोगाने सापडले. १९५२ च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये क्षयरोग्यांना इप्रोनियाझिड दिले गेले, तेव्हा ते रोगी नुसते बरे वाटून घेत नव्हते, तर चक्क आनंदी दिसू लागले. मग स्वित्झर्लंडमध्ये रोलांड कून यांनी इमिप्रामिनचा गुण ओळखला. आज फ्लुओक्सेटिन, सर्ट्रालिन, एस्सिटॅलोप्रॅम ही औषधे अधिक वापरतात. तीन गोष्टी लक्षात ठेवा. एक, गुण यायला दोन ते सहा आठवडे लागतात. पहिल्या आठवड्यात मळमळ किंवा डोकेदुखीच आधी जाणवते आणि लोक गोळी सोडून देतात. दोन, बरे वाटल्यावरही निदान सहा महिने औषध चालू ठेवावे लागते. तीन, पंचवीस वर्षांखालील मुलामुलींत सुरुवातीच्या आठवड्यांत जिवाचे बरेवाईट करण्याचे विचार क्वचित वाढू शकतात. म्हणून त्या काळात घरच्यांनी जवळ असावे, गोळ्यांचे पाकीट वडीलधाऱ्यांच्या ताब्यात ठेवावे आणि असे काही जाणवले तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे.

हीच औषधे आणखी एका आजारावर चालतात, आणि तो आपल्या घरांत पुष्कळदा ओळखूच येत नाही. आपण त्याला वसवसा म्हणतो. वुजू झाला की नाही या शंकेने पुन्हा पुन्हा हात धुणे, नमाजची नियत पुन्हा पुन्हा बांधणे, हात सोलून निघेपर्यंत न थांबणे. मराठीत याला मंत्रचळ म्हणतात. असा एक मुलगा मी पाहिला आहे. लोक त्याला फार परहेजगार समजत होते, आणि तो बिचारा रात्री नळाखाली रडत होता. यावर वरील औषधे बहुधा मोठ्या मात्रेत देतात आणि त्याबरोबर वर्तनोपचारही करतात.

तिसरे कुळ मनाचा तोल सांभाळणाऱ्या औषधांचे. काही माणसे काही आठवडे विलक्षण उत्साहात असतात. झोप नको, बोलणे थांबत नाही, पैसा उधळतात, मोठमोठ्या योजना सांगतात. मग तीच माणसे खोल उदासीत बुडतात. हा दोन टोकांचा आजार. यावर लिथियम हे औषध आहे. १९४९ मध्ये ऑस्ट्रेलियातील जॉन केड यांनी त्याचा गुण दाखविला. लिथियम हा एक साधा क्षार, पण तो तोलूनच द्यावा लागतो. रक्तात कमी झाला तर उपयोग नाही, जास्त झाला तर विष. म्हणून ठरावीक काळाने रक्ततपासणी, तसेच मूत्रपिंड आणि थायरॉइडची तपासणी करावी लागते. लिथियम घेणाऱ्याने पाणी आणि मीठ एकाएकी कमी करू नये, अंगदुखीच्या गोळ्या मनाने घेऊ नयेत. उलट्या, जुलाब, जास्त थरथर, तोल जाणे असे झाले तर त्वरित रुग्णालय गाठावे. याच कुळात व्हॅल्प्रोएट आणि कार्बामाझेपिन ही फिटवरचीही औषधे येतात. व्हॅल्प्रोएटने पोटातल्या बाळाला अपाय होऊ शकतो. मुलीला ते चालू असेल तर लग्नाआधीच डॉक्टरांशी बोला. लपवाल तर दोन जीवांचे नुकसान कराल.

चौथे कुळ धास्ती शमविणाऱ्या औषधांचे. डायझेपाम, अल्प्राझोलाम, लोराझेपाम, क्लोनाझेपाम ही त्यांची नावे. यांतील पहिले औषध १९६० मध्ये बाजारात आले. खऱ्या अर्थाने ‘झोपेच्या गोळ्या’ म्हणता येतील त्या ह्याच. तासाभरात आराम पडतो, म्हणून त्या सर्वांना प्रिय. आणि नेमकी ह्यांची सवय लागते. त्या थोड्या आठवड्यांपुरत्याच असतात. पण चिठ्ठी जुनी झाली तरी औषध दुकानातून त्या आणणारे, शेजारणीला दोन देणारे आपल्यात कमी नाहीत. विद्यार्थी मित्रहो, परीक्षेच्या आदल्या रात्री मित्राने दिलेली अशी गोळी घेऊ नका. सकाळी वाचलेले आठवणार नाही. ज्यांनी त्या पुष्कळ महिने घेतल्या आहेत त्यांनी एकदम बंदही करू नयेत, झटके येऊ शकतात. डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू उतरवाव्यात.

येथे एका शंकेचे उत्तर देतो, कारण ती मला मशिदीच्या पायरीवर विचारली गेली आहे. ही औषधे नशेची, मग ती घ्यावीत कशी? सवय लागण्याचा धोका आहे तो मुख्यतः या चौथ्या कुळाचा, आणि तेही डॉक्टर मोजून देतात. भाईची गोळी किंवा उदासीवरची गोळी यांनी नशा चढत नाही. माणूस अधिक गोळी मागत फिरत नाही. ती एकाएकी सोडली तर त्रास होतो आणि आजार उलटू शकतो, म्हणून सोडतानाही सल्ला लागतो, इतकेच.

पाचवे कुळ लहान मुलांच्या कामाचे. काही मुले जात्याच इतकी चंचल असतात, की वर्गात पाच मिनिटे लक्ष टिकत नाही. त्यांतील काहींना मिथाइलफेनिडेट देतात. त्याने लक्ष टिकते, पण भूक आणि झोप कमी होऊ शकते. नीट तपासणी झाल्यावरच ते द्यावयाचे. ते प्रत्येक खोडकर मुलाचे औषध नव्हे, आणि अभ्यासात पहिला नंबर आणण्याचे तर मुळीच नव्हे. आम्हा शिक्षकांनीही छडी उचलण्यापूर्वी, हा मुलगा ऐकत नाही की त्याला ऐकणे जमत नाही, हे पाहिले पाहिजे.

आता रमजानविषयी. रोजे सुरू झाले की पुष्कळ रुग्ण दिवसाच्या गोळ्या आपल्या मनाने सोडतात, आणि ईदच्या आसपास आजार उलटतो. आपल्या धर्माने आजाऱ्याला रोजातून सूट दिली आहे हे आपण जाणतोच. तरीही ज्यांना रोजे ठेवावयाचे आहेत त्यांनी महिनाभर आधी डॉक्टरांकडे जावे. अनेक औषधे रात्री एकदाच घेण्याजोगी करून देता येतात. लिथियम घेणाऱ्याने मात्र विचारल्याशिवाय रोजा धरू नये, कारण दिवसभर पाणी नसले की रक्तातील लिथियम वाढू शकते.

दुआ करू नका असे मी म्हणत नाही. अम्मी आजही भाईच्या डोक्यावर हात ठेवून दुआ पढते, आणि मग त्याच हाताने गोळी देते. गुजरातेत उनावा येथील मीरा दातार दर्ग्यावर या शतकाच्या पहिल्या दशकात ‘दवा-दुआ’ नावाचे काम सुरू झाले. तेथे मुजावरच रुग्णाला डॉक्टरांकडे पाठवू लागले. आपल्या गावात हे का होऊ नये?

जायचे कोठे, हा प्रश्न उरतो. महाराष्ट्रात ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरी येथे शासनाची प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत मानसोपचार विभाग असतो, जिल्हा रुग्णालयातही चौकशी करावी. १० ऑक्टोबर २०२२ पासून ‘टेलि-मानस’ ही शासनाची मोफत दूरध्वनी सेवा सुरू झाली आहे. तिचा क्रमांक १४४१६. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने रुग्णाला साखळी बांधण्यास मनाई केली आहे आणि उपचार मिळणे हा त्याचा हक्क मानला आहे.

डॉक्टरांपुढे बसाल तेव्हा चार प्रश्न विचारा. ही गोळी कोणत्या आजारावर आहे? गुण केव्हा दिसेल? कोणता त्रास झाला तर लगेच यावे? आणि किती दिवस घ्यावयाची? उत्तरे वहीत लिहून ठेवा. आम्ही हे चार प्रश्न २०१० नंतर विचारले. भाईच्या बाबतीत शेवटच्या प्रश्नाचे उत्तर ‘पुष्कळ वर्षे’ असे होते. प्रत्येकाचे ते तसेच नसते. पण आजार उलटून आलेल्या रुग्णाला बहुधा दीर्घकाळ घ्यावे लागते.

बहिणीच्या सासरी पुढे सगळे कळलेच. वर्षभर कुरबुर झाली. पण लग्न मोडले नाही. ज्या भीतीपोटी आम्ही भाईची गोळी थांबविली, ती गोष्ट शेवटी उघड झाली आणि निभावलीही. भाईचे दीड वर्ष मात्र कोणी परत देऊ शकले नाही.

आज भाईचे लहानसे शिवणकामाचे दुकान आहे. औषध बदलून घेतल्यापासून हात कापत नाहीत. काजे तो हातानेच करतो. आज मी अंगात घातलेला सदरा त्यानेच शिवला आहे. रात्री इशानंतर तो स्वतः डबा उघडतो, गोळी घेतो आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या तारखेला खूण करतो. तो डबा आता माळ्यावर नाही, फडताळात पुढच्या बाजूला, चहा-साखरेच्या डब्यांशेजारी ठेवलेला असतो. आपल्यापैकी ज्यांच्या घरात असा डबा लपविलेला असेल, त्यांनी आज घरी गेल्यावर तो खाली काढावा, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.